देवीला कुणी घाई करत नाही

“चक्कर आली तर काय सांगायचं?” गोदूआत्यानं विचारलं.

“उपास होता.”

“जीभ चावली तर?”

“भातात खडा लागला.”

“शाब्बास. आणि पडलीस तर?”

मी छताकडं पाहिलं. पडल्यावरचं उत्तर सकाळी तोंडपाठ होतं. आंघोळ आणि वेणी यांच्या मधे ते कुठंतरी गळून गेलं होतं.

“पडले तर... भातात खडा लागला.”

विळीवर नारळ खवणारी आई तोंडाला पदर लावून हसली.

“हस, सुमन, हस,” आत्या म्हणाली. “पुढं हिला बघायला पाहुणे येतील तेव्हा रडशील. मग मलाच हाक मारशील.”

“तुम्ही इथंच तर असता, वन्सं,” आई म्हणाली आणि नारळाची दुसरी वाटी घेतली.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. विट्यात आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं फरशीचं अंगण. दुकानात अप्पा, स्वयंपाकघरात आई आणि या सगळ्यांच्या वर गोदूआत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण. मला सातव्या वर्षापासून फीट यायची. गोळ्या सुरू झाल्यावर ती फार क्वचित येऊ लागली. पण आमच्या उंबऱ्याबाहेर ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय आत्याचं. एक कारण एका माणसाला एकदाच, असा तिचा नियम होता. शेजारच्या लाटकरकाकूंना उपास देऊन झाला होता, त्यांच्या वेगळं राहणाऱ्या सुनेला ऊन, दूध घालणाऱ्या बाईला जंत आणि समोरच्या शिंपिणीला दृष्ट. कुणाच्या नावावर काय टाकलंय हे तिला पक्कं माहीत असायचं. फक्त या बायकांची एकमेकींशी गाठ पडून हिशेब जुळू नये, एवढी काळजी ती घ्यायची. फीट परवडली, पण तिचा बंदोबस्त नको, असं मला होऊन जायचं.

तरी फीट झाकता येते. डोकं कसं झाकणार?

वर्गात पोतनीस बाई म्हणायच्या, “वह्या काढा, तारीख घाला, पुस्तकातलं पुढचं पान उघडून खालचा प्रश्न सोडवा.” मी वही काढायची, तारीख घालायची आणि त्या तारखेकडं बघत बसायची. पान, प्रश्न, सगळं हवेत. रात्री पाठ झालेला पाढा सकाळी घरात नसायचा. बाईंनी काही विचारलं की उत्तर आतून निघालंय हे मला कळायचं, पण त्याच्या वाटेवर थांबे फार. ते तोंडापर्यंत येईतो बाई पुढच्या बाकावर पोचलेल्या असायच्या. माझी कितीतरी उत्तरं मला घरी आली आहेत. एकदा अप्पा आमटी ओरपत असताना मी “पानिपत!” असं ओरडले, तेव्हा त्यांच्या हातातून वाटी सुटली होती.

सांगलीच्या डॉक्टरांनी आई आणि आत्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, “हा आळस नाही. या दुखण्यात काही मुलांना लक्षात ठेवायला, विचार जुळवायला जड जातं. गोळीनंही थोडी सुस्ती येते. एका वेळी एकच गोष्ट सांगा, लिहून द्या, वेळ द्या. आणि शाळेत कळवा.” आईनं ते शब्द जपून घरी आणले. पोळ्या लाटताना ती ते पुटपुटायची, मी ऐकायची. आत्यानं मात्र ते सांगलीच्या स्टँडवरच सोडून दिले. “शाळेत कळवलं म्हणजे गावात दवंडी दिली,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

पोतनीस बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना कामचुकारपणाचा राग होता, आणि मी त्यातली उस्ताद आहे अशी त्यांची खात्री पटली होती. “डोळे बघा हिचे. सगळं कळतंय, मुद्दाम करते,” असं त्या म्हणायच्या. निम्मं बरोबर होतं. पाचवीला मी एकदा नापास होऊन बसलेच होते. सहावीच्या सहामाहीत पुन्हा पाटी कोरी निघाली, तेव्हा बाईंनी अप्पांना बोलावून सांगितलं, “दिवाळीनंतर हिचं नाव कमी करून घ्या. शिवणाच्या वर्गाला घाला. मी हेडमास्तरांशी बोलते.”

मला शाळा सोडायची नव्हती. शाळेत माझ्या बाकावर मुमताज होती, तिच्या खिशात कायम चिंचा असायच्या. घरी राहायचं म्हणजे दिवसभर आत्याच्या हाताखाली कारणं पाठ करायची. आत्यालाही ते नकोच होतं, तिचं कारण वेगळं. शाळेतून काढलेली मुलगी स्थळाला काय सांगणार? म्हणून तिनं डाव टाकला. आमच्या घरच्या हादग्याला तिनं पोतनीस बाईंना आग्रहाचं आमंत्रण दिलं. पाटावर हत्ती काढायचे, मुलींनी हात धरून त्यांच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, असा तो नवरात्रातला कार्यक्रम. खिरापतीला तिनं ओल्या नारळाच्या करंज्या योजल्या होत्या. “माझी करंजी खाऊन अजून कुणी वाईट बोललेलं नाही,” ती म्हणाली.

बायका घरात वावरणार म्हणून आदल्या दिवशीच तिनं माझ्या गोळ्यांची बाटली फळीवरून उचलली आणि झाकून ठेवली. अशी झाकली की तिची तिलाच सापडेना. रव्याचा डबा झाला, डाळीचा झाला, देव हलवून पाहिले.

“वन्सं, आज सकाळची पण चुकली हिची,” आई म्हणाली.

“एखाद-दुसऱ्या गोळीनं काय आभाळ कोसळतंय? पाहुण्या गेल्या की शोधू.”

संध्याकाळी अंगण भरलं. माझा अख्खा वर्ग, गल्लीतल्या बायका, आणि तुळशीजवळ खुर्चीवर काखेत पर्स धरून बसलेल्या पोतनीस बाई. फेर सुरू झाला. पहिली गाणी संथ असतात, मग मुलींना चेव येतो. पाय आपटायला लागले, रिबिनी उडायला लागल्या, एकीला हसू फुटलं ते सगळ्या फेराला लागलं. मुमताजनं माझा हात घट्ट धरला होता. मी गाण्यात दोन ओळी मागं होते, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय! मी इतकी खूश होते की पाटावरचे हत्ती उठून आमच्याबरोबर पळायला लागलेत असं मला वाटलं. आणि मग ते खरंच पळायला लागले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मुमताजनं, आईनं आणि लाटकरकाकूंनी सांगितलेलं जुळवून देते.

मी फरशीवर पडले, हातपाय झडायला लागले. मुली किंचाळल्या. लाटकरकाकूंचा आवाज सगळ्यांत वर गेला, “अगंबाई, फीट! फीट आली पोरीला! चप्पल आणा, चप्पल हुंगवा!”

चार-पाच जणी दाराकडं धावल्या. दारात चपलांचा ढीग. कुणाची आणायची यावरून तिथं वाजलं. “माझी नको, नवी आहे,” असं शिंपीण म्हणाल्याचं मुमताज अजून शपथेवर सांगते. आईनं तेवढ्यात मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी घातलेली शाल सरकवली आणि पाट लांब ढकलला. हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं.

आत्या मधोमध उभी होती. उपास म्हणावं तर तो काकूंना देऊन झालेला. ऊन म्हणावं तर काकूंच्या सूनबाई समोर, आणि सूर्य मावळलेला. जंतवाली दारात, दृष्टवाली चपलांपाशी. इतकी वर्षं जपून लांब ठेवलेली सगळी गिऱ्हाइकं एकाच अंगणात, आणि काकू चप्पल घेऊन माझ्या नाकाशी वाकलेल्या. आत्यानं दोन्ही हात वर केले.

“खबरदार! चप्पल लांब! देवी आलीय तिच्या अंगात!”

काकूंचा हात तिथंच थांबला.

“नवरात्रात आईच्या नाकाला चप्पल लावतेस, लाटकरीण?”

चप्पल निखारा असल्यासारखी काकूंच्या हातून पडली. काकू मागं सरल्या. मग एकेकीचे हात जुळायला लागले.

मी जागी झाले ती भिंतीला टेकून, हत्तींच्या पाटावर. केस मोकळे सोडलेले, कपाळभर हळदकुंकू, ते नाकावर ओघळलेलं. गळ्यात झेंडूची माळ. समोर बायका हात जोडून. पहिल्यांदा मला वाटलं, माझं लग्न लागलं आणि मला कुणी सांगितलंच नाही. आत्याचं हे काम असणार.

“कोण गं तू, आई? कुठून आलीस?” कुणीतरी विचारलं.

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. “पाणी,” मी म्हणाले.

“पाणी!” लाटकरकाकू पुढं सरकल्या. “आई, माझ्या नातवाच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा हरवलाय, त्याचंच विचारणार होते मी. पाण्यात आहे म्हणतेस? पाण्यात?” आणि उत्तराची वाट न बघता त्या पदर खोचून घरी पळाल्या. मला प्यायला पाणी आईनं दिलं.

हळूहळू डोकं निवळलं. मी आत्याकडं पाहिलं. तिला घाम फुटला होता आणि ती मला डोळ्यांनी खुणावत होती, मीट डोळे, मीट. मग बाईंकडं पाहिलं. त्या खुर्चीतून उठल्या होत्या, पण हात जोडले नव्हते. बाकी सगळं अंगण माझ्या तोंडाकडं बघत होतं. घरात, वर्गात, कुठंच मला असा श्रोता मिळाला नव्हता. मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या.

“आई, आता जा,” आत्या घाईघाईनं म्हणाली. “लेकरू दमलं. सुमन, कापूर लाव.”

“मी नाही जाणार,” मी म्हणाले.

चावलेली जीभ सुजली होती, त्यामुळं आवाज जाड, घोगरा निघाला. देवीला अगदी साजेसा.

“काय हवंय तुला, आई?” सूनबाईंनी विचारलं.

“बोलायचंय.”

“बोल, आई, बोल!”

“या मुलीला फीट येते.”

“अगं, काहीतरीच काय...” आत्या ओरडली.

“गोदाक्का!” बायका तिच्यावर तुटून पडल्या. “देवीला उलट बोलता? पदर घ्या डोक्यावर!”

आत्यानं पदर घेतला. तिनंच बोलावलेली देवी, करणार काय!

“लहानपणापासून येते,” मी पुढं म्हणाले. “उपास नव्हता. ऊन नव्हतं. जंत नव्हते.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. “मला जंत सांगितले होते,” दूधवाली म्हणाली. “मला ऊन,” सूनबाई म्हणाल्या. “मला तर दृष्ट म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायला लावल्या,” शिंपीण म्हणाली. सगळं एका ओळीत मांडून झालं आणि सगळ्यांची नजर आत्याकडं वळली.

“वन्सं,” कापराची वडी पेटवत आई म्हणाली, “देवी खरं बोलते.”

आईनं आत्याच्या शब्दाबाहेर जाऊन काही बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आत्यानंही नसावं. ती तिथंच फरशीवर बसली आणि तिनं हात जोडले.

आता पोतनीस बाई पुढं आल्या. “देवीला मी एक विचारू?”

“विचार,” मी म्हणाले. पोतनीस बाईंना. एकेरीत. वर्गाच्या रांगेतून एक बारीक ‘हाऽ’ निघाला. मुमताजनं तर तोंडात रिबिनच कोंबली.

“ही मुलगी वर्गात लक्ष का देत नाही?”

“देते. ते तिच्यापाशी राहत नाही.”

“म्हणजे कसं?”

“तू एका दमात चार कामं सांगतेस. एक तिच्यापाशी पोचतं. बाकीची वाटेत सांडतात. ती शोधत बसते, आणि तू म्हणतेस मुद्दाम करते.”

बाईंच्या कपाळावरची आठी हलली. “बरं. मग शिकवावं कसं तिला?”

“एका वेळी एक सांग. फळ्यावर लिहून ठेव. आणि तिसरं...”

तिसरं गेलं. आत्ता होतं, आत्ता नाही. पोळपाटाशी उभी राहिलेली आई आठवली, तिचे हलणारे ओठ आठवले, शब्द नाही. आता कुणीतरी खेकसणार, पुढच्या बाकावरची कुणीतरी हात वर करणार, आणि माझं सगळं देवपण उतरणार.

कुणी खेकसलं नाही. कापूर विझला, आईनं दुसरी वडी ठेवली. मुलींची चुळबुळ थांबली. बाईंनी एकदा तोंड उघडलं, तर सूनबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून दटावलं, “शूऽ. देवी बोलतेय.” बाईंनी तोंड मिटलं आणि त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मीही त्यांच्याकडं बघत राहिले. तुळशीवर एक पाकोळी येऊन गेली. आणि मग, दूरवरून एखादी बैलगाडी दिसावी तसं ते मला येताना दिसलं.

“तिसरं,” मी म्हणाले, “विचारलंस की थांब. उत्तर येतं. उशिरा येतं, पण येतं.”

बाई पाटाजवळ आल्या. मग त्यांनी तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं, ओणव्या झाल्या आणि माझ्या आधीच रंगलेल्या कपाळाला लावता लावता कानाशी म्हणाल्या, “शकुंतला, जीभ चावलीय. मिठाच्या पाण्यानं चूळ भर. आणि सोमवारी पहिल्या बाकावर बसायचं.”

मी डोळे घट्ट मिटून घेतले.

“देवीची आज्ञा!” बाई मोठ्यांदा म्हणाल्या आणि सरळ झाल्या. आत्याकडं वळून त्यांनी विचारलं, “करंज्या आहेत ना? वास तर तोच येतोय.”

हसू दाबून ठेवलेल्या मुली एकदम फुटल्या. बायका हसायचं की नमस्कार करायचा या पेचात होत्या, तेवढ्यात मागच्या दारातून लाटकरकाकू कोपरापर्यंत ओल्या होऊन आत आल्या. हातात चमचा. “रांजणात! रांजणाच्या तळाशी! आई, तू खरी गं खरी!” आणि त्यांनी मला साष्टांग नमस्कार घातला. मी चूळ भरायला उठले होते, ते पुन्हा बसावं लागलं.

गोळ्यांची बाटली अप्पांना दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कळशीत सापडली.

सोमवारी मुमताज आणि मी बाक-बिऱ्हाड घेऊन पुढं आलो. बाई म्हणाल्या, “वह्या काढा.” आणि थांबल्या. मग, “तारीख घाला.” पुन्हा थांबल्या. प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला. त्यानंतर माझं डोकं लखलखलं वगैरे काही नाही. पाढे गळतच राहिले. बाई चिडायच्याही. एकदा त्यांनी घंटा होईपर्यंत माझी वाट पाहिली आणि एवढं करून उत्तर चुकीचंच आलं. पण नाव कमी करायचा विषय निघाला नाही. मी सातवीत गेले, काठावरून, पण गेले.

तारांबळ उडाली ती आत्याची. चमच्याची कीर्ती गावात फिरली. मंगळवारी दारात ओटीची तबकं घेऊन बायका उभ्या. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची सून माहेरी बसलेली. आत्या दारात आडवी.

“अहो, देवी नाही! फीट आहे, फीट! आमच्या मुलीला फीट येते!”

“गोदाक्का, देवी स्वतःपुरतीच ठेवायची होय तुम्हाला?”

“अहो, सांगलीचे डॉक्टर आहेत तिला! ही बघा गोळ्यांची बाटली! वाचा, वाचता येत असेल तर!”

जे झाकण्यात तिनं एवढी वर्षं घालवली, ते ती आता समोरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. बायका बाटलीलाच नमस्कार करायच्या. अप्पा दुकानात गल्ल्याआड तोंड लपवून हसायचे.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी खानापूरकडची एक बाई आली. हातात नारळ आणि पदराला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. आत्यानं बाटली काढलीच होती. “देवी नाही, बाई. फीट आहे. जा घरी.”

बाई जागची हलली नाही. “फीटच?”

“फीटच!”

“देवी-बिवी नाही, खरंच?”

“किती वेळा सांगू!”

बाईनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हिलापण येते, अक्का. आम्ही कुणाला बोललो नाही. घरात म्हणतात बाहेरचं आहे, म्हणून इथवर आले.”

आत्याचा बाटली धरलेला हात खाली आला.

“आत ये,” ती म्हणाली. पाट मांडला, पाणी दिलं. “शाळेत जाते?”

“जाते. पण डोक्यात काही राहत नाही म्हणतात गुरुजी. मारतात.”

“गुरुजींना सांगितलंस?”

“अगंबाई, ते कसं सांगू? पुढं लग्नाचं...”

“लग्न मरू दे,” गोदूआत्या म्हणाली. स्वयंपाकघरातलं आईचं लाटणं थांबलं. “उद्याच्या उद्या जाऊन सांग. आणि आधी डॉक्टर. पत्ता मी देते.” मग ती मुलीकडं वळली. “नाव काय गं तुझं, बाळ?”

मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या आईनं तिला कोपरानं ढोसलं. “सांग की! मुकी आहेस का?”

“ढोसू नकोस तिला,” आत्या म्हणाली, आणि सगळी दुपार मोकळी असल्यासारखी मांडी घालून तिच्यासमोर बसली.